ड्रिलिंग अहवालातला प्रत्येक आकडा कशापासून मोजलेला असतो?

प्रश्न असा आहे. भूविज्ञानात एम.एस्सी. झालेली एक व्यक्ती मुंबईच्या समुद्रातल्या जॅक-अप रिगवर, म्हणजे समुद्रतळावर पाय रोवून उभ्या राहणाऱ्या रिगवर, मड लॉगिंगच्या कामाला लागणार आहे. मड म्हणजे ड्रिलिंग करताना विहिरीत फिरवत ठेवलेला द्रव; त्याच्याबरोबर वर येणारा खडकाचा चुरा आणि वायू तपासणे म्हणजे मड लॉगिंग. सरावासाठी तिला सकाळचा ड्रिलिंग अहवाल वाचायला दिला. त्यातल्या ओळी अशा: ‘१२¼ इंची होल, एमडी २१५० मीटर, टीव्हीडी २०००. मड वेट ९.६, ईसीडी १०.०. शू १२०० मीटर, एलओटी १३.०. बॅकग्राउंड गॅस ०.५ टक्के, कनेक्शन गॅस २ टक्के. सॅम्पल: एलएसटी ७०, शेल ३०, फेंट शो. फ्लो चेक, स्टॅटिक. पीओओएच, १८६० ला टाइट स्पॉट, ओव्हरपुल २० टन.’ कोशात प्रत्येक शब्दाचा अर्थ मिळतो, तरी ओळ उलगडत नाही. हे शब्द कसे शिकावेत, आणि त्यांना मराठी प्रतिशब्द वापरावेत का?

ओळ उलगडत नाही याचे कारण असे की रिगवरचा जवळजवळ प्रत्येक शब्द हे एक मोजमाप असते आणि ते कशापासून घेतले हे अहवालात लिहिलेले नसते. लिहिणाऱ्याला ते ठाऊक असते, म्हणून तो गाळतो. तुम्हाला ते प्रत्येक वेळी परत भरून घ्यावे लागते. वरच्या ओळींवरूनच हे पाहू. आकडे हिशेबासाठी घेतलेले आहेत, पण त्या खोलीला शोभणारे आहेत.

सुरुवात खोलीपासून. २१५० मीटर म्हणजे समुद्रतळापासून नव्हे, पाण्याच्या पातळीपासूनही नव्हे. ही खोली रिगच्या फ्लोअरवरल्या रोटरी टेबलपासून मोजतात. अहवालात आरकेबी किंवा नुसते केबी लिहिलेले असते ते हेच. रिगचा फ्लोअर समुद्रसपाटीच्या वर ३० मीटर असेल, तर पहिले ३० मीटर निव्वळ हवेतले असतात. उद्या त्याच प्लॅटफॉर्मवर दुसरा रिग आला आणि त्याचा फ्लोअर ३५ मीटर उंच असला, तर तोच चुनखडक नव्या अहवालात ५ मीटर ‘खाली’ सापडेल. खडक हललेला नसतो, मोजपट्टीचा शून्य हललेला असतो. म्हणून दोन विहिरींची तुलना करताना नेहमी टीव्हीडीएसएस, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उभी खोली वापरायची. आपल्या उदाहरणात ती २००० वजा ३०, म्हणजे १९७० मीटर.

एमडी म्हणजे विहिरीच्या वाटेने मोजलेली लांबी आणि टीव्हीडी म्हणजे सरळ उभी खोली. घाटातला रस्ता आणि डोंगराची उंची यांत जो फरक असतो तोच इथे आहे. १२०० मीटरपर्यंत विहीर सरळ आहे, पुढे तिरकी नेली आहे. म्हणून २१५० मीटर पाइप आत असूनही उभी खोली २००० मीटरच भरते. कोणता आकडा कुठे लावायचा याचा नियम सोपा आहे: दाबाला टीव्हीडी, आकारमानाला एमडी. किती मड मावेल, किती पाइप लागेल, किती सिमेंट लागेल हे वाटेच्या लांबीवर ठरते. मडच्या स्तंभाचा दाब मात्र उभ्या उंचीवरच ठरतो.

एमडीचा आकडा पाइपच्या टॅलीतून येतो. प्रत्येक जॉइंट टेपने मोजून यादीत लिहितात. एक जॉइंट साधारण साडेनऊ मीटरचा. यादीत तो एकदा सुटला किंवा दोनदा लिहिला गेला, तर त्यापुढची सगळी खोली साडेनऊ मीटरने चुकते, आणि खडकाचा थर अपेक्षेपेक्षा तेवढाच वर किंवा खाली आला की भूवैज्ञानिक वेगळेच निष्कर्ष काढायला लागतो. थर आला आणि खोलीतला फरक बरोबर एका जॉइंटएवढा निघाला, तर आधी टॅली तपासायची, मग नकाशा. वायरलाइन लॉगची, म्हणजे केबलला उपकरणे बांधून विहिरीत केलेल्या मोजणीची, खोली आणखी वेगळी असते, कारण केबल आपल्याच वजनाने ताणते. ड्रिलरची खोली आणि लॉगरची खोली यांत एक-दोन मीटरचा फरक नेहमीचा आहे. कोअर, म्हणजे खडकाचा अखंड दंडगोल नमुना, काढली असेल तर तिची गॅमा रे मोजणी लॉगच्या गॅमा रेशी जुळवून मगच खोली पक्की करतात.

आता मड वेट. ९.६ हा आकडा पाउंड प्रति गॅलनचा, म्हणजे पीपीजीचा. काही अहवालांत हीच घनता एसजीमध्ये, म्हणजे पाण्याच्या किती पट अशी, लिहितात. तिथे ती १.१५ दिसेल. गोडे पाणी ८.३३ पीपीजी असते, समुद्राचे पाणी साडेआठच्या आसपास. म्हणजे ही मड समुद्राच्या पाण्यापेक्षा फार जड नाही. दाब काढायचे सूत्र पाठच हवे: पीएसआय = ०.०५२ × पीपीजी × फुटांतली टीव्हीडी. २००० मीटर म्हणजे ६५६२ फूट, म्हणून दाब ३२७६ पीएसआय. मेट्रिकमध्ये मीटर गुणिले एसजी भागिले १०, म्हणजे २३० किलो प्रति चौरस सेंटिमीटर. दोन्ही उत्तरे एकाच दाबाची आहेत. इथे चुकून एमडी धरली तर ३५२१ पीएसआय येतात. तळाशी जवळजवळ २४५ पीएसआय जास्त दाब आहे असा समज होतो, आणि तेवढ्या अंतरात एखादा वायूचा थर सहज बसतो.

ईसीडी हा शब्द नवख्यांना सगळ्यात उशिरा समजतो. मड वेट ९.६ असताना ईसीडी १०.० कशी? मड तीच आहे. फरक पंपाचा आहे. पंप चालू असताना मड पाइप आणि विहिरीची भिंत यांच्यामधल्या पोकळीतून, म्हणजे अ‍ॅन्युलसमधून, वर चढते, आणि चढताना घर्षणाविरुद्ध जोर लागतो. तो जोर तळावर जादा दाब म्हणून पडतो. समजा हे घर्षण १५० पीएसआयचे आहे. तळाशी एक पीपीजी म्हणजे ३४१ पीएसआय, म्हणून १५० पीएसआय म्हणजे सुमारे ०.४ पीपीजी. पंप चालू असेपर्यंत खडकाला १०.० ची मड असल्यासारखे वाटते. पंप बंद केला की लगेच ९.६.

हे कळले की कनेक्शन गॅस आपोआप कळतो. एक स्टँड, म्हणजे तीन जॉइंट मिळून सुमारे ९३ फूट ड्रिल झाले की नवा स्टँड जोडायला पंप बंद करावे लागतात. त्या काही मिनिटांत तळाचा दाब ईसीडीवरून मड वेटवर उतरतो. शिवाय स्ट्रिंग, म्हणजे विहिरीतली पाइपची सगळी माळ, थोडी वर उचलावी लागते. त्या ओढीने इंजेक्शनच्या दट्ट्यासारखे शोषण होते. त्याला स्वॅबिंग म्हणतात. या दोन्हींमुळे थोडा वायू विहिरीत येतो आणि एका लॅगनंतर, म्हणजे मडला तळापासून वर यायला लागणाऱ्या वेळानंतर, वर दिसतो. बॅकग्राउंड गॅस म्हणजे सतत दिसणारा गॅस. तो बहुतेक चुरा झालेल्या खडकातलाच असतो. कनेक्शन गॅस त्याच्यावर टेकडीसारखा उठतो आणि खाली बसतो. आपल्या अहवालात फ्लो चेक स्टॅटिक आहे, म्हणजे पंप बंद ठेवून पाहिले तेव्हा विहीर आपणहून वाहत नव्हती. यावरून दोन शक्यता उरतात. एक, खडकातला दाब ९.६ पेक्षा कमी आहे आणि गॅस नुसत्या स्वॅबिंगने आला. दुसरी, दाब जास्त आहे, पण खडक इतका घट्ट आहे की पंधरा मिनिटांत प्रवाह दिसत नाही. एका कनेक्शनवरून यातली कोणती ते ठरवता येत नाही. दर कनेक्शनला २, २.८, ४ असा आकडा चढत गेला तर दुसरी शक्यता धरायची आणि तसे लगेच कळवायचे. अहवालात एकटा ‘२ टक्के’ लिहून फारसे काही कळत नाही. मागच्या तीन कनेक्शनांचे आकडे शेजारी लिहा.

लॅगचा हिशेब मड लॉगरने रोज स्वतः करावा, सॉफ्टवेअर करत असले तरी. तळाचा चुरा शेकरवर, म्हणजे मडमधून चुरा गाळणाऱ्या हलत्या चाळणीवर, यायला किती वेळ लागतो हे अ‍ॅन्युलसच्या आकारमानावर अवलंबून असते. सूत्र: बॅरल प्रति फूट = (होलच्या व्यासाचा वर्ग − पाइपच्या व्यासाचा वर्ग) ÷ १०२९.४, व्यास इंचांत. १२¼ इंची होलमध्ये ५ इंची पाइप असेल तर ०.१२१५. १३⅜ इंची केसिंगचा, म्हणजे विहिरीत सिमेंटने बसवलेल्या पोलादी नळीचा, आतला व्यास १२.४१५ इंच धरला तर ०.१२५४. केसिंगचे ३९३७ फूट आणि त्याखालच्या उघड्या होलचे ३११७ फूट मिळून सुमारे ८७० बॅरल होतात. तळाजवळच्या जाड पाइपमुळे, म्हणजे ड्रिल कॉलरमुळे, प्रत्यक्षात थोडे कमी. पंप एका स्ट्रोकला ०.१२ बॅरल देत असेल तर साधारण ७२५० स्ट्रोक लागतात. दोन पंप मिळून मिनिटाला १५० स्ट्रोक असतील तर ४८ मिनिटे. ड्रिलिंगचा वेग, म्हणजे आरओपी, तासाला २० मीटर असेल तर एवढ्या वेळात बिट, म्हणजे खडक कापणारे टोक, आणखी १६ मीटर खाली गेलेली असते. शेकरवरून आत्ता उचललेल्या सॅम्पलच्या पिशवीवर २१५० लिहिणे म्हणून चूक. ते २१३४ चे सॅम्पल आहे. लॅग मिनिटांत न धरता स्ट्रोकमध्ये धरावा. पंप थांबला की घड्याळ चालतच राहते, स्ट्रोकची मोजणी थांबते. आणि भिंत ढासळून होल रुंद झाले असेल तर गणितातला लॅग कमी पडतो. कनेक्शनच्या वेळी पाइपमध्ये कार्बाइडची पुडी टाकून अ‍ॅसिटिलीन वायू कधी वर येतो ते पाहतात. खरा लॅग त्यावरून कळतो. मात्र मड पाइपमधून तळापर्यंत जायला लागणारे स्ट्रोक त्यातून वजा करायला विसरू नका.

सॅम्पलच्या ओळीत एक भूविज्ञानातलाच खड्डा आहे. एलएसटी म्हणजे लाइमस्टोन, चुनखडक. त्याच्या वर्णनात पुढे ‘मडस्टोन’ दिसले तर थांबा. डनहॅमच्या १९६२ च्या वर्गीकरणात मडस्टोन, वॅकस्टोन, पॅकस्टोन, ग्रेनस्टोन ही चुनखडकाची नावे आहेत, आणि त्यातला मड म्हणजे बारीक चुनखडी गाळ. गाळाच्या खडकांच्या दुसऱ्या वर्गीकरणात मडस्टोन म्हणजे मातीकणांचा पंकाश्म. रिगवर मड म्हणजे तर विहिरीत फिरणारा द्रव. एकाच पानावर हा शब्द तीन अर्थांनी येऊ शकतो. कार्बोनेटचे वर्णन असेल तर ‘लाइम मडस्टोन’ असे पूर्ण लिहायची सवय लावून घ्या.

खडक ओळखायला १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल हाताशी असते. चुनखडक थेंब पडताच जोरात फसफसतो. डोलोमाइट हळू, कधी कण चुरडल्यावर किंवा आम्ल कोमट केल्यावरच. त्यात एक मेख आहे: विहिरीत कॅल्शियम कार्बोनेटची पूड टाकलेली असेल, तर तीही शेलच्या सॅम्पलमध्ये फसफसते. म्हणून मड इंजिनिअरकडून आज मडमध्ये काय काय टाकले हे विचारल्याशिवाय टक्केवारी लिहू नये.

‘फेंट शो’ म्हणजे तेलाची पुसट खूण. अतिनील दिव्याखाली कण चमकतात का, आणि सॉल्व्हंट टाकल्यावर त्यातून रंगाची धार निघते का, हे पाहायचे. त्या धारेला कट म्हणतात. नुसत्या चमकण्यावर शो लिहू नका. कॅल्साइटही चमकते, पाइपच्या आट्यांना लावायचे ग्रीसही चमकते. पण कॅल्साइटला कट येत नाही. ग्रीसला येतो, म्हणून ग्रीसचा नमुना आधीच दिव्याखाली पाहून त्याचा रंग लक्षात ठेवायचा. ऑइल बेस मड असेल तर शोची परीक्षा फारच अवघड होते. शो म्हणजे तेल असल्याची खूण. तेल मिळेल असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. सच्छिद्रता आणि पार्यता यांतला फरक इथे कामाला येतो. सच्छिद्रता म्हणजे खडकात पोकळी किती. पार्यता म्हणजे त्या पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या किती, म्हणजे द्रव वाहू शकतो किती. तिचे एकक डार्सी, १८५६ मध्ये दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी वाळूतून पाण्याचा प्रवाह मोजणाऱ्या आंरी डार्सी यांच्या नावावरून. शेलमध्ये सच्छिद्रता भरपूर असू शकते, पार्यता जवळजवळ शून्य. म्हणूनच तो तेलसाठ्यावर झाकण म्हणून चालतो.

शू आणि एलओटी यांच्याकडे वळू. केसिंगच्या सर्वांत खालच्या टोकाला शू म्हणतात. वरून पाहता विहीर दुर्बिणीच्या नळ्यांसारखी निमुळती होत जाते: ३० इंच, २० इंच, १३⅜, ९⅝, ७. प्रत्येक केसिंग बसवून सिमेंट झाले की शूखाली काही मीटर ड्रिल करून विहीर बंद करतात आणि हळूहळू दाब वाढवतात. ज्या दाबाला खडक मड प्यायला लागतो तो लीक-ऑफ. समजा ९.० पीपीजी मड असताना वर ८२० पीएसआयला हे झाले. शूची उभी खोली ३९३७ फूट, तिथे एक पीपीजी म्हणजे २०५ पीएसआय. म्हणून ८२० पीएसआय म्हणजे ४ पीपीजी, आणि एलओटी १३.०. हा आकडा फक्त १२०० मीटरवरच्या खडकाचा आहे. त्याखालचे सगळे उघडे होल १३.० सहन करेल, असे तो सांगत नाही. खाली पोकळ चुनखडक किंवा उत्पादनामुळे दाब उतरलेला थर असेल तर तो कितीतरी आधी फुटतो. शू सहसा सर्वांत कमकुवत जागा असते, पण मुंबई हायसारख्या जुन्या क्षेत्रात हे गृहीत धरणे धोक्याचे आहे.

एलओटी आणि एफआयटी यांची गल्लत होते. एफआयटीमध्ये ठरवलेल्या दाबापर्यंतच जातात आणि थांबतात. खडक फुटत नाही. एफआयटी १३.० म्हणजे ‘किमान १३.०’. एलओटी १३.० म्हणजे ‘इथेच गळायला लागला’. पुढच्या किकच्या हिशेबात हा फरक फार मोठा ठरतो.

पीओओएच म्हणजे पाइप विहिरीबाहेर काढणे. टाइट स्पॉट म्हणजे जिथे ओढायला जास्त जोर लागला ती जागा. ओव्हरपुल २० टन हा आकडा हुकवरच्या एकूण वजनाचा नसतो. नेहमीच्या वर उचलतानाच्या वजनापेक्षा जेवढे जास्त लागले तेवढा. २० टन ही वाट थोडी आवळल्याची सूचना आहे. शहाणा ड्रिलर तिथे आणखी ओढत नाही. खाली जातो, पंप चालू करतो, फिरवत वर येतो. त्याला बॅकरीमिंग म्हणतात.

पाइप अडकलाच तर पहिला प्रश्न असा: अडकला तेव्हा तो हलत होता की स्थिर होता, आणि मड फिरते आहे का? स्थिर असताना अडकला आणि मड विनासायास फिरते आहे, तर बहुधा डिफरन्शियल स्टिकिंग. विहिरीतला दाब थरातल्या दाबापेक्षा जास्त असतो आणि तो पाइपला पार्य थराच्या भिंतीवर चिकटवून धरतो. जोर किती असतो पाहा. ५०० पीएसआयचा फरक, १० मीटर लांबी, ३ इंच रुंदीचा स्पर्श: सुमारे ५,९०,००० पाउंड. घर्षणांक ०.२५ धरला तरी सोडवायला साधारण ६७ टन जादा ओढ लागते, आणि मिनिटागणिक ती वाढते. वर येताना अडकला आणि मडही फिरेनाशी झाली, तर पॅक-ऑफ: कटिंग (खडकाचा चुरा) किंवा ढासळलेला शेल पाइपभोवती दाटला. अशा वेळी वर ओढले तर तो आणखी घट्ट दाटतो. जार, म्हणजे अडकलेल्या पाइपला हिसका देणारे साधन, खालच्या दिशेने चालवायचा असतो, आणि नेमके उलटे केले जाते.

ट्रिपमधली, म्हणजे पाइप बाहेर काढण्या-घालण्यातली, सर्वांत महत्त्वाची नोंद ट्रिप टँकची, म्हणजे त्या वेळी विहीर भरायच्या छोट्या टाकीची. पाइप बाहेर आला की जेवढे लोखंड निघाले तेवढी मड विहिरीत भरावी लागते. ५ इंची, १९.५ पाउंडाच्या पाइपचे लोखंड फुटाला ०.००७५ बॅरल जागा घेते. पाच स्टँड म्हणजे ४६५ फूट, म्हणून ३.५ बॅरल. विहिरीने अडीचच बॅरल घेतले तर उरलेले एक बॅरल थरातून आले. वर काहीही वाहत नसते, गॅस दिसत नसतो, तरी किकची सुरुवात झालेली असते.

किक आणि ब्लोआउट हे वेगळे शब्द आहेत आणि वेगळेच ठेवावेत. किक म्हणजे थरातला द्रव न बोलावता विहिरीत येणे. ती ताब्यात ठेवता येते. ब्लोआउट म्हणजे ताबा सुटणे. किकची लक्षणे क्रमाने अशी दिसतात: आरओपी एकदम वाढतो, परतीचा प्रवाह वाढतो, पिटमधली, म्हणजे मडच्या टाक्यांमधली, पातळी चढते. तेव्हा पाइप इतका उचलायचा की टूल जॉइंट, म्हणजे पाइपचा जाड सांधा, बीओपीच्या (विहिरीच्या तोंडावरच्या झडपांच्या) रॅमसमोर, म्हणजे पाइपभोवती आवळणाऱ्या जबड्यासमोर, राहणार नाही, पंप बंद, फ्लो चेक, आणि विहीर वाहत असेल तर बंद. मग दोन दाब वाचायचे. ड्रिल पाइपवरचा २५० पीएसआय, केसिंगवरचा ४०० पीएसआय असे समजू. पाइपमध्ये शुद्ध ९.६ ची मड आहे, म्हणून २५० हा थरातल्या दाबाचा खरा जादा भाग. अ‍ॅन्युलसमध्ये हलका वायू शिरला आहे, तिथला स्तंभ हलका झाला, म्हणून तिकडे ४००. किल मड, म्हणजे थराचा दाब आवरण्याइतकी जड मड = ९.६ + २५० ÷ ३४१, म्हणजे १०.३३, वर गोळा करून १०.४. हिशेबात ४०० घेतले तर गरजेपेक्षा जड मड तयार होते आणि शू फुटण्याचा धोका वाढतो. स्ट्रिंगमध्ये फ्लोट व्हॉल्व्ह (खालून वर प्रवाह येऊ न देणारी झडप) असेल तर ड्रिल पाइपवर शून्य दिसते. ते खरे शून्य नव्हे. पंपाने हळूच ढकलून व्हॉल्व्ह उघडतो तेव्हाचा दाब वाचायचा.

आता शूचा आकडा परत आठवा. ९.६ ची मड असताना वर किती दाब चालेल? (१३.० − ९.६) × २०५, म्हणजे जवळजवळ ६९५ पीएसआय. ४०० त्यात बसतो. पण वायू वर येताना फुगतो आणि केसिंगवरचा दाब चढतो, म्हणून ही मर्यादा डोळ्यासमोर ठेवूनच चोक, म्हणजे बाहेर येणारा प्रवाह आवरणारी झडप, चालवायचा. समजा तळाशी ४० बॅरल वायू आला आहे; तो ३२७६ + २५०, म्हणजे ३५२६ पीएसआयवर आहे. तापमान बाजूला ठेवले तरी वातावरणाच्या दाबावर ते ९५०० बॅरलच्या वर जातात. त्याला फुगू द्यायचे, पण मोजून. १५०० बॅरल मड ९.६ वरून १०.४ ला न्यायची तर १४७० × ०.८ ÷ (३५ − १०.४), म्हणजे दर १०० बॅरलला ४८ शंभर-पाउंडी पोती बॅराइट (मड जड करायची खनिज पूड), एकूण ३२ टनांच्या वर. एवढा साठा रिगवर आहे का, हे किक येण्याआधीच ठाऊक हवे.

चुकीचा शब्द किती महाग पडतो याचा दाखला मेक्सिकोच्या आखातातल्या मकाँडो विहिरीचा आहे. २० एप्रिल २०१० रोजी निगेटिव्ह प्रेशर टेस्टमध्ये, म्हणजे आतला दाब मुद्दाम उतरवून विहीर गळते का ते पाहण्याच्या चाचणीत, ड्रिल पाइपवर १४०० पीएसआय दिसत होते आणि किल लाइनवर (विहिरीच्या तोंडाला बाजूने जोडलेल्या नळीवर) प्रवाह नव्हता. विहीर तळाशी नीट सीलबंद झाली असेल तर दोन्हीकडे शून्य हवे. पाइपवरच्या दाबाला ‘ब्लॅडर इफेक्ट’ असे नाव दिले गेले आणि चाचणी उत्तीर्ण धरली. त्या रात्री ११ माणसे गेली. दाब कुठून येतो हे न सापडता त्याला नाव मिळाले, म्हणजे उत्तर मिळाले असे वाटले.

जागेच्या नावांतही अर्थ दडलेला असतो. मुंबई हायमधले ‘हाय’ म्हणजे समुद्रतळाखाली गाडलेला खडकांचा उंचवटा. वरून समुद्र सुमारे ७५ मीटर खोल आहे. उंचवटा त्याच्याखाली आहे. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर फेब्रुवारी १९७४ मध्ये सागर सम्राट रिगने तिथे तेल शोधले. मुख्य साठा मायोसीन काळातल्या एल-थ्री या चुनखडकात आहे. ‘बेसमेंट’ हा शब्दही असाच. भूवैज्ञानिकाला तो ग्रॅनाइट-नाइससारखा जुना स्फटिकी खडक. मुंबईच्या समुद्रात सह्याद्रीतला तोच काळा बेसाल्ट गाळाच्या खडकांखाली लागला की त्यालाही कामापुरते बेसमेंट म्हणतात. ड्रिलरला बेसमेंट म्हणजे विहीर संपली असे वाटते, पण मुंबई हायमध्ये भेगाळलेल्या बेसमेंटमधूनही तेल मिळाले आहे. म्हणून ‘बेसमेंट टच’ असे न लिहिता खडकाचे नाव लिहा.

मराठी प्रतिशब्दांबद्दल माझे मत स्पष्ट आहे. भूविज्ञानाची मराठी भाषा तयार आहे: अपनती, अभिनती, प्रस्तरभंग, वालुकाश्म, चुनखडक, सच्छिद्रता, पार्यता. लेख, व्याख्यान, वर्ग यांत ती जरूर वापरा. खडक मराठीत विचारात घेता आला तर तो जास्त नीट दिसतो. रिगच्या फ्लोअरवरचे शब्द मात्र बदलू नका. किक, शू, रॅम, चोक, किल यांचा अर्थ तिथे एकच असला पाहिजे, कारण शिफ्टमध्ये पंजाबी, तेलुगू, फिलिपिनो, मराठी माणसे एकत्र असतात आणि निर्णयाला सेकंद मिळतात. मडला चिखल म्हटले तर बॅराइट, बेंटोनाइट आणि मीठ मोजून घातलेला द्रव डोळ्यासमोर येत नाही, आणि समोरचा माणूस ती मोजून घालायची वस्तू आहे हेच विसरतो.

सगळ्यात ढिसाळपणे वापरला जाणारा शब्द म्हणजे ‘लॉस’, म्हणजे मड थरात निघून जाणे, विशेषतः एल-थ्रीसारख्या चुनखडकात. शिफ्ट देताना ‘लॉस आहे’ एवढेच सांगू नका. तासाला किती बॅरल, कोणत्या खोलीवर सुरू झाला, पंप चालू असताना की बंद असतानाही, अ‍ॅन्युलस वरपर्यंत भरलेला दिसतो की पातळी खाली गेली, हे चारही सांगा. फक्त पंप चालू असताना होणारा लॉस ईसीडीमुळे आहे आणि पंपाचा वेग कमी करून आटोक्यात येऊ शकतो. पंप बंद असतानाही होत असेल तर मड वेटच थराला जास्त आहे. पातळी १०० मीटर खाली गेली तर तळाचा दाब १६० पीएसआयच्या वर उतरतो, आणि वरच्या एखाद्या थरातला वायू तेवढ्याची वाटच पाहत असतो. परतीची मड पूर्ण थांबली तर सॅम्पलही थांबते. त्या खोलीसमोर ‘नो रिटर्न’ लिहा, आधीच्या सॅम्पलचे वर्णन पुढे ओढू नका, आणि ट्रिप टँकवरून अ‍ॅन्युलसमध्ये किती बॅरल भरले जात आहे याची नोंद दर पंधरा मिनिटांनी ठेवा.